मत्स्यबीजाबरोबर येणारे आगंतुक जीव : त्यांची ओळख व बंदोबस्त

शेतकरी लसूणघासाचें बीं विकत घेतो तेव्हां तें तळहातावर पसरून पाहतो. त्यांत अमरवेलीचे बारीक दाणे मिसळलेले दिसले तर तें बीं तो घेत नाहीं; कारण अमरवेल एकदां वाफ्यांत शिरली म्हणजे तिच्याबरोबर लसूणघासहि कापून जाळावा लागतो, हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. ज्वारीच्या बियाण्याची पारख, बैलाच्या दांतांची पारख, इतकेंच काय, पण शेणखतांतून येणाऱ्या हुमणीची पारखहि तो करितो. परंतु हाच शेतकरी शेततळ्यांत सोडण्यासाठीं माशांचें बीज आणतो, तेव्हां मात्र प्राणवायु भरलेली प्लॅस्टिकची पिशवी गाडींतून उतरवितो, तिचें तोंड सोडतो आणि आंतील पाण्यासकट सर्व कांहीं तळ्यांत ओतून मोकळा होतो. पिशवींत बीजाखेरीज आणखी काय होतें, हें त्यानें पाहिलेलें नसतें. तें त्यास सहा-आठ महिन्यांनीं, जाळें ओढल्यावर कळतें.

आम्हांसहि हा धडा पैसे मोजूनच शिकावा लागला. आमचें तळें दहा गुंठ्यांचें आहे. एका श्रावणांत कटला, रोहू व मृगळ या तीन जातींच्या मिळून आठशें बोटुकल्या आणून आम्हीं त्यांत सोडल्या. पिशवींत पाठीवर कांटेरी पर असलेलीं चार-दोन पिलें निराळीं दिसत होतीं. तीं वेगळीं काढावीं असें घरांतील मुलानें सुचविलें. परंतु मासा तो मासा, असें म्हणून आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें. पुढील चैत्रांत जाळें ओढलें तेव्हां त्यांत बोटाएवढ्या चिलापीचा ढीग आला. आठ महिने घातलेली शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा कोणाच्या पोटांत गेला, हें तेव्हां उघड झालें. जे रोहू व मृगळ अर्धा किलो भरावयाचे, ते पाव किलोहि भरले नाहींत. चार-दोन पिलें वेचून काढण्यास पांच मिनिटें लागलीं असतीं. तीं न दिल्यामुळें तळें आटवावें लागलें आणि एक हंगाम बुडाला.

यावरून जो एक नियम आमच्या मनांत ठसला, तोच या लेखाचा विषय आहे. आगंतुकास ओळखावयाचें तें दारांत. घरांत शिरल्यावर नव्हे. तळ्यांत शिरलेल्या परक्या माशास निवडून बाहेर काढणें बहुधा तळें रिकामें केल्यावांचून साधत नाहीं. दारांत अडविणें मात्र एक पांढरी परात, एक बारीक जाळी आणि दोन दिवसांचा धीर एवढ्यावर साधतें.

१. आगंतुकांच्या वाटा

आगंतुक जीव तळ्यांत मुख्यतः चार वाटांनीं येतात. पहिली वाट बीजाच्या पिशवीची. दुसरी पाणवनस्पतींची; शोभेसाठीं आणलेलीं कमळें व इतर पाणरोपें यांच्या पानांस गोगलगायींचीं अंडीं व बारीक कृमि चिकटलेले असतात. तिसरी वाट पाटाच्या किंवा ओढ्याच्या पाण्याची. तिच्यांतून जंगली मासे व त्यांचीं अंडीं येतात. चौथी वाट हवेची. पाण्यांतील पुष्कळ कीटकांस पंख असतात व ते रात्रीं उडत येऊन पाण्यांत उतरतात. पहिल्या तीन वाटांस फाटक घालतां येतें, चौथीस येत नाहीं. म्हणून कीटकांचा उपाय निराळा आहे व तो पुढें दिला आहे.

बीजांत भेसळ कां असते, हें समजण्यास थोडा मागील इतिहास पाहिला पाहिजे. एके काळीं कटला, रोहू व मृगळ यांचें बीज नदींतूनच धरीत असत. हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यांत अंडीं घालतात. तळ्याच्या स्थिर पाण्यांत घालीत नाहींत. म्हणून पूर आला म्हणजे नदीच्या कांठीं बारीक जाळीं लावून वाहत येणारें बीज गोळा करावयाचें, अशी पद्धति होती. नदी कांहीं आपल्याला हव्या त्याच माशांचें बीज वाहून आणीत नाहीं. त्यांत शिवड्याचें असे, शिंगाळ्याचें असे आणि कवडीमोल बारीक माशांचेंहि असे. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अंगुल येथें हिरालाल चौधरी व के. एच्. अलीकुन्ही या शास्त्रज्ञांनीं माशांच्या मस्तकांतील पीयूषिका ग्रंथीचा अर्क नर-मादीस टोंचून या जातींचें प्रजनन नदीबाहेर यशस्वीपणें घडवून आणलें. तेव्हांपासून एकाच जातीचें शुद्ध बीज निपजविणें शक्य झालें. हा दिवस आपल्या देशांत मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु बीज शुद्ध जन्मलें म्हणून तें शुद्धच आपल्या दारीं येतें असें नाहीं. जिरें, म्हणजे अंड्यांतून नुकतीं निघालेलीं सात-आठ मिलिमीटरांचीं पिलें, संगोपन तळ्यांत वाढवून त्यांचें सुमारें इंचभर लांबीचें बीज व पुढें दोन ते चार इंचांची बोटुकली होते. या अवधींत त्यांचें पाणी बदलतें, जाळीं बदलतात, हौद बदलतात आणि धनीहि बदलतात. प्रत्येक बदलाच्या वेळीं कांहीं तरी सोबत मिळण्याचा संभव असतो. म्हणून विकणारा कितीहि सचोटीचा असला तरी घेणाऱ्यानें आपले डोळे वापरावे, हेंच बरें.

२. दारांतील पारख

हल्लीं पुष्कळ घरांतून बैठकींत रंगीत माशांची कांचेची पेटी असते. तशीच एक साधी, रिकामी पेटी शेतावर ठेवावी व तिला पारखीची पेटी म्हणावें. पेटी नसल्यास रुंद तोंडाची कांचेची बरणीहि चालेल. तळ्यांत वरून पाहिलेला मासा म्हणजे केवळ एक काळी पाठ. कांचेंतून बाजूनें पाहिल्यावर मात्र त्याचे पर, तोंड, मिशा व अंगावरील डाग स्पष्ट दिसतात.

बोटुकल्या आल्या म्हणजे प्रथम बंद पिशवी हौदाच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटें तरंगत ठेवावी. आंतील व बाहेरील पाण्याची उष्णता सारखी झाल्यावर तोंड सोडून हौदाचें पाणी थोडें थोडें पिशवींत घ्यावें. नंतर बोटुकल्या मऊ जाळींतून गाळून हौदांत सोडाव्या. पिशवींतील पाणी हौदांत किंवा तळ्यांत ओतूं नये. तें तळ्यापासून दूर, कोरड्या जमिनीवर ओतावें. ओतण्यापूर्वीं त्यांतील तांब्याभर पाणी पांढऱ्या परातींत घेऊन उन्हांत पाहावें. पांढऱ्या तळावर किडा, गोगलगाय, ऊ, जें असेल तें हालतांना दिसतें.

आठशें बोटुकल्यांस हजार लिटरांचा हौद दोन दिवस पुरतो. मात्र हवा सोडणारें यंत्र चालूं ठेवावें आणि निम्में पाणी रोज बदलावें. या दोन दिवसांत वीस-पंचवीस बोटुकल्यांचे गट पाळीपाळीनें कांचेच्या पेटींत घेऊन तपासावे. तळ्यांत सोडण्यापूर्वीं त्यांस मिठाच्या पाण्याची बुडी द्यावी. दहा लिटर पाण्यास दोनशें ग्रॅम खडेमीठ घ्यावें. जाळींतील बोटुकल्या त्यांत एक-दोन मिनिटें धराव्या व त्या अस्वस्थ होतांच लगेच काढाव्या. या बुडीनें अंगावरील कित्येक सूक्ष्म परोपजीवी गळून पडतात. घड्याळापेक्षां माशाकडे अधिक लक्ष द्यावें. कारण दुर्बळ बीजास एवढें मीठहि सोसत नाहीं.

जिरें अति नाजूक असल्यामुळें त्यास असें थांबवून ठेवतां येत नाहीं. त्याचा नमुना कांचेच्या पेल्यांत घेऊन उजेडासमोर धरावा व तें एकाच आकाराचें व चपळ आहे एवढें पाहून घ्यावें. जिऱ्याच्या बाबतींत खरी दक्षता तें आणण्यापूर्वींच, तळें तयार करण्यांत घ्यावी लागते.

३. मारण्यापूर्वीं मित्र ओळखावे

परातींत हालणारी प्रत्येक वस्तु शत्रु समजून औषधाची बाटली शोधणें, ही नवशिक्याची पहिली चूक होय. पाण्यांत उड्या मारीत चालणारे टांचणीच्या डोक्याएवढे बारीक जीव, ज्यांस पाणपिसू म्हणतात, ते कटल्याच्या पिलांचें उत्तम अन्न होत. तळाच्या गाळांत वळवळणाऱ्या तांबड्या लाल अळ्या चावऱ्या नसलेल्या एका चिलटाच्या असतात; त्या मृगळ आवडीनें खातो. पाणी किंचित् हिरवट-तपकिरी दिसणें, हें अशा जीवांच्या भरभराटीचें लक्षण आहे. संगोपन तळ्यांतील पन्नास लिटर पाणी रेशमी जाळींतून गाळलें असतां एक ते दोन घन सेंटिमीटर असा सजीव साका मिळाला, तर पिलांच्या अन्नाची सोय झाली असें समजावें. जो शेतकरी किडे मारण्याकरितां पिकावरचें विष तळ्यांत ओततो, तो प्रथम आपल्या माशांचें ताट लाथाडतो आणि नंतर तेंच विष माशांबरोबर स्वतःच्या ताटांत वाढून घेतो.

कांहीं जीव जागेप्रमाणें मित्र किंवा शत्रु ठरतात. गप्पी मासा घरच्या हौदांत डांसांच्या अळ्या खातो, म्हणून हिंवतापाच्या बंदोबस्तासाठीं तो गांवोगांव सोडला जातो. अशाच कामासाठीं गॅम्बूसिया नांवाचा मासा १९२८ सालीं इटलींतून हिंदुस्थानांत आणला गेला. परंतु हेच मासे संगोपन तळ्यांत शिरले तर जिऱ्याचा फन्ना उडवितात. हौदांतील गप्पी हौदांतच ठेवावा.

४. परके मासे

बोटुकल्यांत मिसळलेले परके मासे तीन खुणांनीं ओळखावे. पहिली खूण पाठीवरील पराची. कटला, रोहू व मृगळ यांच्या पाठीवर एकच आंखूड व मऊ पर असतो. त्यास टोंचणारे कांटे नसतात. चिलापीच्या पाठीवरचा पर लांब असून त्याचा पुढील भाग कांटेरी असतो व लहान वयांत त्या परावर मागच्या बाजूस एक काळा ठिपका दिसतो. दुसरी खूण मिशांची. रोहू व मृगळ यांच्या मिशा इतक्या लहान असतात कीं त्या शोधाव्या लागतात. शिवडा, शिंगाळा व मागूर यांच्या मिशा लांब व सहज दिसणाऱ्या असून त्यांच्या अंगावर खवले नसतात. तिसरी खूण बांध्याची. मरळ माशाचें अंग नळीसारखें लांबट, डोकें सापासारखें चपटें आणि पाठीवरचा पर मानेमागून शेंपटीजवळपर्यंत गेलेला असतो. वाम तर सापासारखाच दिसतो. या तिहींपैकीं एकहि खूण आढळली, तर तें पिलूं त्याच क्षणीं वेगळें काढावें.

चिलापी आपल्या देशांत १९५२ सालीं आणली गेली. ती दोन-तीन महिन्यांच्या वयांतच अंडीं घालूं लागते व मादी तीं अंडीं आणि पिलें आपल्या तोंडांत सांभाळते; म्हणून तिचीं पिलें फारशीं मरत नाहींत. तळें भरून जातें, अन्न पुरत नाहीं, आणि सर्वच मासे खुरटे राहतात. परवाना घेऊन, नियमानें, केवळ नरांचें बीज आणून केलेली तिलापियाची शेती ही निराळी गोष्ट होय. न बोलावतां आलेली चिलापी ही निराळी.

आफ्रिकेंतील मागूर, ज्यास बाजारांत थाई मागूर म्हणतात, त्याच्या संवर्धनास केंद्र सरकारनें २००० सालीं बंदी घातली आहे. हा मासा हवेंतून श्वास घेऊं शकतो, ओल्या जमिनीवरून सरपटत एका पाण्यांतून दुसऱ्या पाण्यांत जातो व मिळेल तो लहान मासा गिळतो. त्याचें पिलूं आढळल्यास तें परत पाण्यांत सोडूं नये व मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयास कळवावें.

तळें अगोदरच परक्या माशांनीं भरलेलें असेल, तर उन्हाळ्यांत तें आटवून तळ उन्हांत पुरता तापूं द्यावा. मातीच्या तळ्यास भेगा पडेपर्यंत वाळवावें. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत गाळ थोडा असल्यामुळें हें काम सोपें असतें. मात्र कापड फाटूं नये म्हणून फावडें न वापरतां लांकडी दांताळ्यानें किंवा झाडूनें गाळ ओढावा. आटविणें शक्य नसल्यास मोहाची पेंड वापरावी. तिच्यांतील सॅपोनिन नांवाचें द्रव्य माशाच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतें. एक हेक्टर क्षेत्र व एक मीटर खोल पाणी यांस २,५०० किलो पेंड लागते. म्हणजे तितक्याच खोल पाण्यास गुंठ्यामागें सुमारें २५ किलो. पेंड भिजवून सर्व पाण्यांत सारखी पसरावी. मेलेले मासे जाळ्यानें काढावे. पुढील तीन आठवडे नवें बीज सोडूं नये. विष ओसरल्यावर तीच पेंड खताचें काम करिते. बीज सोडण्याच्या आदल्या दिवशीं दहा-बारा बोटुकल्या जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवून पाहाव्या. त्या चोवीस तास सुखरूप राहिल्या तर पाणी निर्धोक झालें असें समजावें. पेंड घातलेलें पाणी ओढ्यांत जाऊं देऊं नये, कारण तेथील मासे आपले एकट्याचे नाहींत.

५. कीटक

पाण्यांतील कीटक बोटुकलीचें फारसें कांहीं करूं शकत नाहींत, परंतु जिऱ्याचे ते काळ आहेत. पाठीवर उताणा होऊन दोन लांब पायांनीं वल्हीं मारणारा किडा, पाणढेंकूण, शेंपटीसारखी लांब श्वासनळी असलेला पाणविंचू आणि पाणभुंगेऱ्याची कोयत्यासारख्या जबड्याची अळी, हे सर्व पिलास पकडून त्याचा रस शोषून घेतात. सकाळीं जिरें सोडावें व आठवड्यानें तळें रितें दिसावें, अशी तक्रार ऐकूं येते तेव्हां पुष्कळदां चोर हेच असतात.

या किड्यांचें एक वर्म आहे. त्यांस श्वासासाठीं वारंवार पृष्ठभागावर यावें लागतें. पृष्ठभागावर तेलाचा पातळ पडदा पसरला तर त्यांच्या श्वासनळ्या बुजतात व ते मरतात. माशाचें पिलूं कल्ल्यांनीं पाण्यांतला प्राणवायु घेत असल्यामुळें हा पडदा त्यास तितकासा बाधत नाहीं. यासाठीं हेक्टरीं ५६ किलो खाद्य तेल व १८ किलो कपडे धुण्याचा स्वस्त साबण असें प्रमाण ठरलेलें आहे. गुंठ्यास तें सुमारें ५७० ग्रॅम तेल व १८० ग्रॅम साबण असें पडतें. साबण किसून कोमट पाण्यांत विरघळवावा, त्यांत तेल घालून ताकासारखें घुसळावें व पांढुरकें मिश्रण होतांच तें सर्व पाण्यावर शिंपडावें. हें काम जिरें सोडण्यापूर्वीं बारा ते चोवीस तास अगोदर, वारा पडलेला असतांना करावें. वारा असला तर तेल एका कडेस गोळा होतें व श्रम फुकट जातात.

एक किडा मात्र या उपायास दाद देत नाहीं. तो म्हणजे चतुराचें अर्भक. शेतावर भिरभिरणारा चतुर हा पिकांवरील किडे खाणारा आपला मित्र. परंतु त्याचें बाळपण पाण्यांत जातें. त्या वयांत तो तळाशीं दबा धरून बसतो आणि घडी केलेला खालचा ओंठ एकदम पुढें फेंकून पिलूं पकडतो. त्याचीं श्वसनेंद्रियें गुदद्वाराच्या आंत असून तो पाण्यांतलाच प्राणवायु घेतो, म्हणून वरचा तेलाचा पडदा त्यास लागत नाहीं. यावर उपाय वेळेचा आहे. संगोपन तळें फार आधीं भरून ठेवूं नये. पाणी भरणें व जिरें सोडणें यांत जितके दिवस अधिक, तितकीं हीं अर्भकें मोठीं होतात. सोडण्यापूर्वीं बारीक विणीचें जाळें एक-दोनदां तळाशीं ओढावें, म्हणजे उरलींसुरलीं हातीं लागतात.

६. अंगावर बसून येणारे

माशाची ऊ हा खेंकडे-झिंग्यांच्या कुळांतला चपटा, पारदर्शक जीव असून तो सहसा अर्ध्या ते पाऊण सेंटिमीटरचा असतो. दोन वाटोळ्या चूषकांनीं तो माशास चिकटतो, रक्त शोषतो व मन मानेल तेव्हां सुटून पोहत दुसऱ्या माशावर जातो. मासे हौदाच्या भिंतीस अंग घांसूं लागले कीं उवांचा संशय घ्यावा. तिचें वर्म तिच्या अंड्यांत आहे. ती अंडीं माशावर घालीत नाहीं; दगड, लांकूड, बांबू अशा कठीण वस्तूंवर ओळीनें चिकटविते. तेव्हां तळ्यांत कांहीं फळ्या किंवा बांबूचे तुकडे दोरीनें लोंबकळत ठेवावे, दर आठवड्यास ते काढून कडक उन्हांत पुरते वाळवावे व पुन्हां सोडावे. शत्रूनें घातलेलीं अंडीं आपणच त्याच्यासाठीं मांडलेल्या पाटावर वाळवावयाचीं, असा हा बिनखर्ची उपाय आहे.

नांगरकृमि हा त्याच कुळांतला दुसरा जीव. त्याची मादी डोकें माशाच्या मांसांत रुतवून बसते आणि बाहेर केवळ दोऱ्यासारखें अंग लोंबतें. अंड्यांच्या वेळीं त्याच्या टोंकास दोन बारीक पिशव्या दिसतात. बोटुकलीच्या अंगावर असा दोरा दिसला तर ती बोटुकली तळ्यांत सोडूं नये. एक-दोनच आढळल्या तर त्या वेगळ्या काढाव्या व बाकीच्या तीन-चार आठवडे निराळ्या हौदांत ठेवून पाहाव्या. कारण डोळ्यांस न दिसणारीं त्याचीं पिलें मोठीं होऊन दिसूं लागण्यास तितके दिवस जातात. पुष्कळ आढळल्या तर सर्व बीज परत करावें. तळ्यांत ही व्याधि पसरल्यास औषधाची मात्रा मत्स्यव्यवसाय विभागाच्या तज्ज्ञास विचारूनच घ्यावी.

७. गोगलगायी आणि गुरें

गोगलगाय हा तर निरुपद्रवी जीव, असें वाचक म्हणतील. माशांपुरतें तें बरेंचसें खरें आहे. परंतु ज्या तळ्यावर गुरें पाणी पितात, तेथें दोन प्रकारच्या गोगलगायींविषयीं सावध राहिलें पाहिजे. एकीचा शंख पातळ व निमुळता असतो. तिच्या अंगांत गुरांच्या यकृतांतील चपट्या कृमींची बाल्यावस्था वाढते. तेथून निघून हे कृमि पाणकांठच्या गवतास चिकटतात व गवताबरोबर गुरांच्या पोटांत जातात. दुसरीचा शंख गुंडाळलेल्या दोरीप्रमाणें चपटा व चक्राकार असतो. तिच्यांतून निघणारे कृमि गुरांच्या कातडींतून शिरतात आणि त्यांतील एका जातीमुळें बैलाच्या नाकांत गांठी येऊन तो घोरूं लागतो. त्याच्या नाकांतील स्त्रावाबरोबर कृमींचीं अंडीं पुन्हां पाण्यांत पडतात व फेरा चालूं राहतो. कमळाच्या एका रोपाबरोबर आलेलीं अंडीं अशा रीतीनें गोठ्यापर्यंत पोंचूं शकतात.

म्हणून कोणतीहि पाणवनस्पति आणल्यावर ती तीन-चार आठवडे निराळ्या घमेल्यांत ठेवावी, पानांच्या खालच्या बाजूस असलेले बुळबुळीत पारदर्शक अंडपुंज नखानें काढून टाकावे व पुढें निघतील तीं पिलें वेंचावीं. तळ्यांत गोगलगायी झाल्याच असतील तर कांठचें गवत कापून ठेवावें, गुरांस तळ्यांत उतरूं न देतां पाणी बाहेर कुंडींत काढून पाजावें आणि मासे वीतभर झाल्यावर तळ्यावर बदकें सोडावीं. बदकें गोगलगायी आवडीनें खातात. मासे लहान असतांना बदकें सोडल्यास तीं पिलांवरहि ताव मारतील, हें विसरूं नये.

८. घरांतील कांचेची पेटी

वरील सर्व नियम घरांतील शोभेच्या पेटीसहि लागूं आहेत. तेथें केवळ मापें लहान. नवा मासा दुकानांतून आणल्यावर तो तीन-चार आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवावा व दुकानाचें पाणी पेटींत ओतूं नये. पेटींत बारीक गोगलगायी फार झाल्या तर रात्रीं कोबीचें एक पान दोऱ्यानें बांधून तळाशीं सोडावें. सकाळीं पान गोगलगायींसह उचलून घ्यावें. असें आठ-दहा रात्रीं केल्यास संख्या आटोक्यांत येते. गोगलगायी वाढल्या याचा अर्थ खाणें जास्त पडत आहे, असाहि समजावा. कांचेस चिकटलेला, टोंकाशीं बारीक तंतु असलेला हिरवट किंवा तपकिरी जीव हा हायड्रा होय, व त्रिकोणी डोक्याचा, कांचेवरून सरकत जाणारा चपटा जीव हा चपटकृमि होय. मोठ्या माशांस या दोहोंपासून सहसा भय नसतें. अंडीं व नवीं पिलें असलेल्या पेटींत मात्र त्यांस ठेवूं नये. मोरचूद घालून हे जीव मारण्याचा मोह टाळावा. गोगलगायी मरण्याइतकें मोरचूद माशांसहि बाधूं शकतें आणि एकदम मेलेल्या गोगलगायी कुजून पाणी बिघडतें तें निराळेंच.

९. उलट वाट बंद करावी

येथवर दुसऱ्यांकडून आपल्याकडे काय येतें, हें पाहिलें. परंतु आपल्याकडून दुसऱ्यांकडे काय जातें, हाहि प्रश्न आहे. पेटींतील शेवाळ खातो म्हणून सकर मासा हौसेनें आणतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. लहानपणीं बोटाएवढा असलेला हा मासा पुढें हातभर वाढतो, पेटींत मावेनासा होतो, आणि मग जीवदया म्हणून कोणी त्यास नदींत किंवा तलावांत सोडतो. आज तो पश्चिम बंगालमधील कोलकात्याच्या पूर्वेकडील मत्स्यतळ्यांतून व केरळांतील पाण्यांतूनहि सांपडतो. त्याचें अंग हाडांच्या पट्ट्यांनीं मढलेलें असल्यामुळें तो कोळ्यांचीं जाळीं फाडतो, कांठ पोखरून बिळें करितो आणि बाजारांत त्यास कोणी विचारीत नाहीं. एका घरच्या पेटींतील अडचण दूर झाली, पण ती साऱ्या तलावाच्या माथीं बसली.

यासाठीं पेटींतील नको झालेला मासा, वनस्पति किंवा पाणी नदींत, ओढ्यांत, विहिरींत अथवा तळ्यांत सोडूं नये. मासा दुकानदारास किंवा दुसऱ्या हौशी गृहस्थास द्यावा. वनस्पति उन्हांत वाळवून खतांत टाकावी. पाणी झाडांच्या आळ्यांत घालावें; तें त्यांस खतासारखें लागूं पडतें. शेततळ्याच्या सांडव्यासहि बारीक जाळी असावी, म्हणजे अतिवृष्टींत आपले मासे बाहेर जात नाहींत व ओढ्याचे आंत येत नाहींत. एका तळ्यांतून काढलेलें जाळें दुसऱ्या तळ्यांत टाकण्यापूर्वीं उन्हांत कडकडीत वाळवावें. शेजाऱ्यास जाळें उसनें देणें हा आपला जुना शेजारधर्म आहे. तें वाळवून देणें हाहि त्याचाच भाग समजावा.

सारांश, बीज आणण्यापूर्वीं तळें तयार करावें, बीज आल्यावर दोन दिवस दारांत थांबवावें, पांढऱ्या परातींत व कांचेंत पाहावें, मित्र कोण व शत्रु कोण हें ठरवावें, आणि मगच हात उगारावा. यांपैकीं कोणत्याहि कामास मोठें भांडवल लागत नाहीं. लागते ती नजर. आणि बियाण्याच्या राशींतून अमरवेलीचा दाणा निवडून काढणाऱ्या शेतकऱ्याजवळ ती मूळचीच आहे. तीच त्यानें आतां पाण्याकडे वळवावी, एवढीच आमची विनंति आहे. गेल्या श्रावणांत आमच्या हौदावर बोटुकल्या तपासण्याचें काम आम्हीं त्या मुलाकडेच सोंपविलें. त्यानें सातशें बोटुकल्यांतून अकरा परकीं पिलें वेंचून काढलीं.